झोपाळा टांगण्यापूर्वी थोडा हिशेब

गेल्या मे महिन्यात नातवंडे आली म्हणून आम्ही बाल्कनीच्या ग्रिलला जाळीचा झुला बांधला. दोरी चांगली ताणून घेतली. दुसऱ्याच दिवशी ग्रिलचा स्क्रू भिंतीतून अर्धा बाहेर आलेला दिसला. झुल्यात बसणारा एकच, वजन ६० किलो. मग एवढा ताण आला कुठून?

उत्तर दोरीच्या कोनात आहे. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक टोकावर साधारण बसणाऱ्याच्या वजनाइतका, म्हणजे ६० किलोंचा ओढा येतो. कोन १० अंशांवर आला की तोच ओढा १७० किलोंच्या पुढे जातो. म्हणून झुला सैलच बांधावा. टोकापासून १०० सें.मी. आडव्या अंतरात दोरी सुमारे ५८ सें.मी. खाली उतरली, की ३० अंश झाले असे समजावे. ग्रिल आणि कठडा मात्र या कामाचे नाहीतच.

आपल्या बडोदेकरांच्या घरी झुल्यापेक्षा संखेड्याचा झोपाळा अधिक. त्याच्या साखळ्या जवळजवळ सरळ उभ्या असल्याने कोनाची अडचण नसते. पण झोका घेतला की भार वाढतो. झोका ३० अंशांपर्यंत गेला तर तो खाली येताना भार सुमारे सव्वापट होतो, ६० अंशांपर्यंत गेला तर दुप्पट.

समजा, पाट ४० किलोंचा आणि बसणारी तीन माणसे मिळून १८० किलोंची. एकूण २२०. चार हुकांत विभागून प्रत्येकी ५५ हा हिशेब कागदावरचा. एखादी साखळी जरा लांब असली की बराचसा भार समोरासमोरच्या दोनच हुकांवर येतो. त्यामुळे प्रत्येक हूक एकट्याने २२० किलो पेलेल असाच घ्यावा. कर्ज देताना बँक मार्जिन ठेवते, तसेच हे.

हूक मजबूत असून भागत नाही, तो कशात बसवला आहे ते महत्त्वाचे. स्लॅब भरतानाच सळयांत अडकवलेला हूक उत्तम. पंख्याचा हूक पंख्यासाठीच. त्याला झोपाळा टांगू नये. तयार स्लॅबला भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. जुन्या घरात तुळई भिंतीत शिरते तिथे ओल आणि वाळवी तपासावी.

दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत कड्यांची झीजही पाहावी. कडी झिजून पातळ झाली असेल, तर तेल घालून कुरकुर थांबेल, पण धोका टळणार नाही. ती बदलावीच.