मराठीच्या मास्तराचे चर्च

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना वर्षातला एक तास विल्यम कॅरीच्या वाट्याला येतो. १८०५ चे मराठी व्याकरण, १८१० चा मराठी शब्दकोश, १८११ चा मराठी नवा करार. मी फळ्यावर सने लिहितो, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा संपली की मोकळ्या मनाने विसरतात. खरे सांगायचे तर मीसुद्धा कॅरीला त्या तीन सनांपलीकडे फारसे ओळखत नव्हतो. ती ओळख करून दिली माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने.

हा मुलगा अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे जुन्या अहमदनगरचा. घर ख्रिस्ती. आजोबा अमेरिकन मिशनच्या शाळेत शिक्षक होते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला आला आणि हिंजवडीच्या बाजूला राहू लागला. जिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्वारीची शेते होती तिथे आज बावीस मजली इमारती आहेत, आणि शेजारच्या दाराआड कोण राहते याचा कोणालाच पत्ता नाही. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

'सर, आज आमची उपासना रस्त्यावरच उरकली.'

मग हकीकत कळली. तो आणि त्याच्यासारखीच पस्तीस-चाळीस माणसे मिळून एक नवे बॅप्टिस्ट चर्च सुरू करू पाहत होती. दर रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयाचे सभागृह भाड्याने घेत. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त निघाला, मालकाला दामदुप्पट भाडे मिळाले, आणि आदल्या रात्री त्याने यांना 'नाही' म्हणून कळवले. सकाळी माणसे आली तो दाराला केळीचे खांब आणि आत सनई! कडेवर लेकरे घेऊन सगळे फाटकाबाहेर उभे राहिले, दहा मिनिटे प्रार्थना केली आणि घरोघर गेले.

'निम्मे लोक म्हणतात, जागा नाही तर चर्च कसलं? बंद करा. वडील म्हणतात, आजोबांचं चर्च असताना तुला हे नवं काढायचं सुचलंच कशाला? सर, तुम्ही कॅरी शिकवायचात ना? तोही बॅप्टिस्टच होता. त्याने कसं केलं, सांगाल का?'

मी त्या धर्माचा नव्हे. पण विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणून गप्प बसणे मास्तराच्या जातीला जमत नाही. मी पुस्तके काढून बसलो. पुढे हिवाळ्यात एका चर्चासत्रासाठी कोलकात्याला जाण्याचा योग आला, तेव्हा बऊबाजारात जाऊन ती जागाही पाहून आलो. जे हाती लागले ते त्या मुलाला सांगितले, तेच आता वाचकांना सांगतो.

आधी बॅप्टिस्ट म्हणजे काय, ते थोडक्यात. या पंथाचे लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने जाणतेपणी, आपल्या तोंडाने श्रद्धा सांगावी आणि मग पाण्यात पूर्ण बुडवून त्याचा बाप्तिस्मा व्हावा, असे त्यांचे मत. दुसरी गोष्ट, त्यांच्यात वरून हुकूम देणारा बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते. म्हणजे नवे चर्च काढायला कोणाची सनद लागत नाही. बाप्तिस्मा घेतलेली चार माणसे एकमेकांना वचन देऊन एकत्र आली की मंडळी झाली. हे ऐकायला सोपे वाटते. पण सनद लागत नाही याचा अर्थ असाही होतो की पाठीशीही कोणी नाही. जागा, पैसा, माणसे, सगळे आपले आपण जमवायचे.

कॅरी हा इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशायरचा. जन्म १७६१ चा, धंद्याने चांभार. जोडे शिवता शिवता भाषा शिकला आणि बॅप्टिस्ट पाळक झाला. १७९३ च्या नोव्हेंबरात तो कलकत्त्याला उतरला. पण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या राज्यात मिशनरी नको होते. व्यापारात धर्माची कटकट कशाला, हा रोकडा हिशेब! काही वर्षे कॅरीने उत्तर बंगालात निळीच्या कारखान्यावर नोकरी केली. १८०० च्या आरंभी तो हुगळीच्या पलीकडच्या काठावर श्रीरामपूरला गेला. ते गाव डेन्मार्कच्या राजाचे असल्यामुळे तिथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता. मार्शमन आणि वॉर्ड हे दोन सोबती तिथे आधीच येऊन पोचले होते. एक शाळामास्तर, एक छापखान्यातला माणूस आणि एक चांभार. या तिघांनी सगळी कमाई एका थैलीत टाकायची आणि गरजेपुरते घ्यायचे असे ठरवून घर मांडले.

पण माणसे होती कलकत्त्यात. ती कंपनीची राजधानी. गोदीवर जगभरची जहाजे लागत, किल्ल्यात गोऱ्या पलटणी असत. पोर्तुगीज वंशाचे, आर्मेनियन, निम्मे गोरे निम्मे काळे म्हणून दोन्हीकडून झिडकारलेले कारकून, खेड्यांतून पोटासाठी आलेले बंगाली, सगळ्यांची तिथे गर्दी. जो तो परका. आजच्या हिंजवडीत आणि त्या कलकत्त्यात मला तरी फार अंतर दिसत नाही.

आणि इथे आमच्या मराठीचा संबंध येतो. १८०१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीची नेमणूक झाली. कंपनीच्या तरुण साहेबांना आधी बंगाली, मग संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवायची. पगार महिना पाचशे रुपये. मराठीसाठी वैजनाथ शर्मा हे पंडित त्याच्या हाताशी होते. मंगळवारी संध्याकाळी होडीत बसून कलकत्त्याला यायचे, शुक्रवारी परत श्रीरामपूर. जे सरकार त्याला मिशनरी म्हणून आत येऊ देत नव्हते तेच त्याला मास्तर म्हणून पगार देत होते! आणि तो पगार जात होता मिशनच्या थैलीत. आम्ही प्राध्यापक वेतन आयोगाच्या थकबाकीचा हिशेब करीत बसतो, त्यांनी हा प्रसंग एकदा वाचावा.

१८०६ च्या जून महिन्यात कॅरीने एका पत्रात आपला कलकत्त्यातला एक दिवस लिहून ठेवला आहे. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू वाचन, नोकरांबरोबर बंगालीत प्रार्थना, चहा ओतला जाईपर्यंत मुन्शीपाशी फार्सी. मग पंडिताबरोबर रामायणाचे भाषांतर. दहा वाजता कॉलेज. दुपारी छापखान्याची मुद्रिते आणि संस्कृत भाषांतर. संध्याकाळी एका तेलुगू पंडितापाशी शिकवणी, कारण आता तेलुगू शिकायची होती. साडेसातला इंग्रजीत प्रवचन. ऐकायला माणसे किती? सुमारे चाळीस. त्यांत वरिष्ठ न्यायालयाचा एक न्यायाधीश होता. प्रवचन संपल्यावर कॅरीने त्याला गाठले आणि नव्या उपासनागृहासाठी पाचशे रुपयांची वर्गणी मिळवली. म्हणजे त्या वेळच्या आपल्या महिन्याच्या पगाराइतकी. नऊ वाजता माणसे घरी गेली आणि हा पुन्हा भाषांतराला बसला.

मी हे फोनवर वाचून दाखवले तेव्हा विद्यार्थी म्हणाला, 'चाळीसच?'

म्हटले, 'चाळीसच. आणि कॅरी या देशात आला त्याला तेव्हा बारा वर्षे होऊन गेली होती.'

पुढचे काही सरळ झाले नाही. पत्र लिहिल्यानंतर महिनाभरातच वेल्लोरला शिपायांचे बंड झाले. त्याचे खापर धर्मप्रचारावरही फुटले आणि कलकत्त्यातल्या उघड्या उपदेशावर सरकारने निर्बंध घातले. १८०७ मध्ये तर श्रीरामपूरचा छापखानाच कलकत्त्याला हलवून सरकारच्या नजरेखाली ठेवा, असा हुकूम निघाला. कॅरी आणि मार्शमन स्वतः लॉर्ड मिंटोला जाऊन भेटले, तेव्हा तो मागे घेतला गेला. या सगळ्यातून वाट काढत १ जानेवारी १८०९ रोजी लालबाजारचे चर्च उघडले. वस्ती म्हणाल तर खलाशांची आणि दारूच्या गुत्त्यांची. सभ्य लोक जिथे गाडीचे पडदे ओढून घेत, नेमकी तीच!

तिथे इंग्रजीत उपासना होई, तशीच बंगालीतही. किल्ल्यातले शिपाई येत, गोदीवरचे खलाशी येत. पण शहरातल्या गल्लीबोळांत फिरला तो कृष्ण पाल. हा श्रीरामपूरचा सुतार. त्याचा हात निखळला, तो मिशनच्या डॉक्टराने बसवला, ती ओळख वाढली आणि १८०० च्या डिसेंबरात हुगळीच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे तो कलकत्त्यात राहिला. घराघरांत गेला, तुरुंगात कैद्यांना भेटला. गरिबांच्या, विशेषतः कोणीच न विचारलेल्या मिश्रवंशीय मुलांसाठी मिशनऱ्यांनी शहरात शाळाही काढली. इमारतीचे श्रेय इतिहास कॅरीला देतो. ती भरली ती या सुतारासारख्यांच्या पायपिटीने.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. आजोबांचे चर्च असताना नवे कशाला?

१८१२ साली अमेरिकेतून काही तरुण मिशनरी दोन जहाजांनी कलकत्त्याला आले. बॅप्टिस्ट नव्हेत, काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्यातला अडोनिराम जडसन हा मोठा अभ्यासू. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्टांशी गाठ पडणार, वाद होणार, तेव्हा तयारी हवी म्हणून त्याने प्रवासात बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास मांडला, आणि अभ्यासाअंती प्रतिपक्षाचेच खरे असे त्याला वाटू लागले! ६ सप्टेंबर १८१२ रोजी लालबाजारच्या चर्चमध्ये त्याने आणि त्याच्या पत्नीने वॉर्डच्या हातून बाप्तिस्मा घेतला. नोव्हेंबरात ल्यूथर राइसनेही घेतला. जडसन ब्रह्मदेशात गेला. राइस अमेरिकेत परतून त्याच्यासाठी पाठबळ उभे करू लागला.

पण त्यांचे दोन सोबती, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, आपल्या जुन्या मतावर ठाम राहिले. कंपनीचा देश सोडण्याचा हुकूम चुकवत ते १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले आणि त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. हॉल मराठी शिकला, मराठीत लिहू लागला, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. त्याच मिशनने पुढे अहमदनगरला ठाण मांडले, शाळा काढल्या, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा शिकले आणि शिकवू लागले ते याच मिशनच्या शाळेत.

तेव्हा मी त्याला म्हटले, 'वडिलांना सांग, आजोबांचे चर्च आणि तुझे चर्च कलकत्त्याला एकाच मंडळीतून वेगळे झाले. वेगळे होताना त्यांनी एकमेकांना शत्रू मानले नाही.'

पण गोष्ट इथे थांबवली तर मी अर्धेच खरे सांगितले असे होईल. श्रीरामपूरची भरभराट झाली, जमिनी आणि इमारती झाल्या, आणि मग त्यांची मालकी कोणाची यावरून तंटा उभा राहिला. इंग्लंडातली कमिटी म्हणे आमची, इथले वृद्ध म्हणत आम्ही घाम गाळून मिळवलेली. इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी कलकत्त्यात वेगळी चूल मांडली, त्यांत कॅरीचा सख्खा पुतण्याही होता. १८२७ मध्ये उघड फारकत झाली. १८३४ मध्ये कॅरी वारला तोवर ती सांधली नव्हती. जागा नव्हती तेव्हा जी माणसे एका थैलीतून जेवली, ती जागा झाल्यावर कागदपत्रांवरून भांडली. हेही मी त्या मुलाला सांगितले. त्याला ते आवडले नाही, पण त्याने ऐकून घेतले.

लालबाजारचे ते चर्च आज कॅरी बॅप्टिस्ट चर्च या नावाने उभे आहे. सोनारांच्या दुकानांची रांग, हातगाड्या, माणसांचा लोंढा, आणि त्यात ही दोनशे वर्षांची वास्तू. याच बऊबाजारात २०१९ मध्ये मेट्रोचा बोगदा खणताना जुनी घरे खचली आणि शेकडो माणसे एका रात्रीत बेघर झाली. शहर अजून वाढतेच आहे आणि माणसे अजून उखडली जातच आहेत. मी दारात पाच-दहा मिनिटे उभा राहिलो. मराठीचा एक मास्तर दुसऱ्या मास्तराला भेटायला आल्यासारखे वाटले.

या पावसाळ्यात विद्यार्थ्याचे बोलावणे आले. 'सर, एकदा येऊन बघा.' गेलो. मंगल कार्यालय सुटले होते. आता एका शिकवणीवर्गाची खोली रविवारपुरती मिळाली होती. भिंतीवर त्रिकोणमितीची सूत्रे, बाकांवर कोरलेली पोरांची नावे. माणसे मोजली तर एकतीस. फाटकाबाहेरच्या त्या रविवारनंतर काहीजण गळाले होते. अर्धी उपासना मराठीत, अर्धी हिंदीत. एक मल्याळी परिचारिका रात्रपाळी करून थेट आली होती. मागच्या बाकावर एक सुरक्षारक्षक गणवेशातच बसला होता. बिहारहून आल्याला त्याला महिनाच झाला होता आणि या शहरात त्याला नावाने हाक मारणारी एवढीच माणसे होती.

विद्यार्थ्याचे वडीलही गावाहून आले होते. पहिल्या रांगेत नाही, दाराजवळच्या खुर्चीवर, केव्हाही उठून जाता येईल अशा बेताने. रेव्हरंड टिळकांचे गाणे सुरू झाले तेव्हा मी तिकडे पाहिले. म्हाताऱ्याला पुस्तक लागत नव्हते.

उपासना संपल्यावर सगळ्यांनी मिळून बाके पुन्हा होती तशी लावली, कारण अकरा वाजता दहावीची मुले येणार होती. वडील माझ्याजवळ येऊन म्हणाले, 'गुरुजी, जागा लहान आहे हो.'

मी म्हटले, 'हो, लहान आहे.'

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग वाकून एक बाक उचलू लागले. मी दुसरे टोक धरले.