वीज गेल्यावर ऊब : बॅटरीचा हिशेब



थंडीच्या रात्री वीज गेली आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असलं, की ऊब कशी राखायची हा प्रश्न पडतो. हल्ली उचलून नेता येणारी लिथियम बॅटरी मिळते. तिच्यावर हीटर चालेल का, याचा हिशेब आम्ही इथे मांडत आहोत.

बॅटरीवर दोन आकडे असतात. वॅट-तास म्हणजे केनयार्डात उभा असलेला ऊस. वॅट म्हणजे गाळपाचा वेग. वेग वाढला की ऊस लवकर संपणारच. १,००० वॅट-तासांच्या बॅटरीवर १,५०० वॅटचा हीटर कागदावर ४० मिनिटं चालतो. घट धरली तर त्याहूनही कमी. शिवाय बॅटरी तेवढे वॅट देणारी नसेल, तर हीटर लावताच ती बंद पडते. उलट १०० वॅटची विजेची चादर त्याच बॅटरीवर साधारण ८ तास, म्हणजे रात्रभर पुरते.

तेव्हा खोली तापवायच्या भरीस न पडता माणूस ऊबदार ठेवावा. मात्र तान्ह्या बाळाला विजेची चादर नको. त्याला आईने उराशी धरावे.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बॅटरीला हा धोका नाही. तरी ती अंथरुणापासून दूर ठेवावी, तिच्यावर पांघरूण टाकू नये आणि थंडीआधीच चार्ज करून ठेवावी, ही विनंती.