हातांचा सूत्रधार

आरमोरीचा परिसर टसर रेशमासाठी प्रसिद्ध आहे. तेथे कोशातून धागा काढणारे कुशल हात पाहिले, म्हणजे मन थक्क होते. परंतु या हातांचा खरा सूत्रधार मेंदू होय. उजवा हात हलतो, तो मुख्यत्वे मेंदूच्या डाव्या भागाच्या आज्ञेने. कवटी न उघडता मेंदूचे हे काम कसे बरे पाहावे?

मुलांनो, अंधारात विजेरीवर बोटे धरून पाहा. ती लालबुंद दिसतात. कारण तांबडा प्रकाश मांसातून काहीसा पार जातो. तांबड्याच्या लगत पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा 'निकट अवरक्त' प्रकाश असतो. तो कवटीतूनही आत शिरतो. हा गुण हेरून अमेरिकेतील शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली मेंदूतील प्राणवायूचा अंदाज घेण्याची रीत दाखविली.

यासाठी डोक्यावर एक टोपी घालतात. तिच्यातील दिव्याचा प्रकाश आत जातो. त्याचा अल्प अंश सुमारे ३ सेंटिमीटर अंतरावर बाहेर येतो व तेथे मोजला जातो. बोटे हलू लागली, की काही सेकंदांतच मेंदूच्या संबंधित भागाकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायूयुक्त व प्राणवायूविरहित रक्त हा प्रकाश कमीअधिक शोषून घेते. त्या फरकावरून कोणता भाग कामास लागला, हे कळते.

हा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोहोचतो; तो मनातले विचार वाचीत नाही. तथापि, पक्षाघाताने निश्चल झालेला हात हलविण्याचा कोणी प्रयत्न केला, तर मेंदूतील त्या प्रयत्नाची खूण त्यातून उमटू शकते. हात स्तब्ध असला, तरी प्रयत्न थांबलेला नसतो!