आठवतंय, पण घडलं होतं का?

एखाद्या घरात थोरली ताई सांगते, 'लहानपणी तू राजिमच्या जत्रेत हरवला होतास.' चार वेळा ऐकल्यावर धाकट्याला ती गर्दी, भोंग्यावरची हाक, सगळं 'आठवू' लागतं; मग ती जत्रा झालेलीच नसली तरी! एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 1995 मध्ये 24 जणांवर असाच प्रयोग केला. मॉलमध्ये हरवल्याची खोटी गोष्ट साधारण एक चतुर्थांश जणांना अंशतः किंवा पूर्ण आठवली. आठवताना वाटलेली भीती खरी, प्रसंग खोटा. घरात हे चालतं. कोर्टात पंचाईत होते.

2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात तीच झाली. विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपी तरुणीची 'बीईओएस' ही मेंदूची चाचणी पुरावा म्हणून पुढे आली. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, डोळे मिटलेले, आणि कानावर 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशी प्रथमपुरुषी वाक्यं. उत्तर द्यायचंच नाही. नुसती ऐकीव माहिती कोणती आणि स्वतः घेतलेला अनुभव कोणता, हे मेंदूतले विद्युतसंकेत सांगतात, असा दावा. जन्मठेप झाली; पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. पण पोलिसांच्या चौकशीत तीच वाक्यं पुन्हा पुन्हा कानी पडलेल्या माणसाचं काय? हा प्रश्न मला त्या यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

5 मे 2010 रोजी सेल्वी नावाच्या वेगळ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग (बीईओएससारख्या मेंदूच्या चाचण्या) करण्यास मनाई केली.