लाल पट्टीचा उजेड

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, जामसांवलीच्या फाट्याजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना रेडियमच्या चमकत्या पट्ट्या लावण्याचं काम मी बराच वेळ उभं राहून पाहिलं. निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी येणाऱ्या गाड्या, पायी चालणारे भाविक, अंबिया बहाराची संत्री घेऊन निघालेल्या ट्रॉल्या, सगळ्यांना हाच रस्ता. अंधारात उभ्या ट्रॉलीचा पत्ता मागून येणाऱ्याला लागतो तो या पट्ट्यांमुळेच.

काम सावकाशीचं आहे. मागचा फाळका आधी पॉलिश पेपरनं घासायचा, गंज उतरवायचा, थिनरच्या फडक्यानं पुसून वाळू द्यायचा. मग पाठीचा कागद थोडाथोडा सोडत रबरी पट्टीनं दाबत न्यायचं. "पुसल्याबिगर लावली तं महिन्याभरात निघते जी," कारागीर म्हणाला. कोपरे तो गोल कापतो, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी.

चांगल्या पट्टीत बारीक लोलकांची नक्षी असते. खोलीच्या कोपऱ्यात तीन भिंती काटकोनात मिळतात, तशा प्रत्येक लोलकाच्या तीन बाजू. उजेड तिन्हींवर आपटून आला तिकडेच परततो. मोबाईलचा टॉर्च कमरेशी धरला तर पट्टी मलूल दिसते, डोळ्याशेजारी धरला की पेटते. चालकाचा डोळा हेडलाइटच्या रेषेपासून फार दूर नसतो, म्हणून ती त्याला दिसते.

खरी अडचण रंगाची. रंगाच्या थरातून उजेड जाताना एकदा आणि परतताना एकदा गाळला जातो. रस्त्यावरच्या फलकांच्या फिल्मसाठी अमेरिकेचं डी-4956 हे मानक आहे. त्यात उत्तम प्रतीच्या, म्हणजे अकराव्या प्रकारच्या पांढऱ्या फिल्मचा परावर्तनाचा किमान आकडा 580 आहे. पिवळीचा 435, लालचा फक्त 87. काचमण्यांच्या साध्या, पहिल्या प्रकारच्या फिल्ममध्ये लालचा आकडा 14 वर येतो. म्हणजे ट्रॉलीच्या मागं, जिथे धोका सर्वांत जास्त, तिथेच या तिघांत सर्वांत कमी परतवणारा रंग लागतो. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत, लाल पट्टीत नाही.

बाहेरच्या उजेडावरच वाचता येणाऱ्या रंगीत ई-पेपर पडद्याचं दुखणंही हेच. काळ्या-पांढऱ्या कणांवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या बसवल्या की प्रकाश दोनदा गाळला जातो आणि पडदा मळकट दिसतो. शिवाय वरच्या प्लास्टिकमध्ये सुमारे 42 अंशांपेक्षा तिरपा गेलेला प्रकाश बाहेर न पडता आतच उलटतो. तो वाचणाऱ्याकडे वळवण्यासाठी तिथेही सूक्ष्म नक्षीच्या फिल्मवर काम चालतं. उजेड नवा निर्माण करता येत नाही. आलेला वाया जाऊ द्यायचा नाही, एवढंच हाती असतं.

ट्रॉलीच्या पट्टीवर तो वाया जातो मात्र अगदी साध्या कारणांनी. अनेक पट्ट्यांत लोलकांच्या पाठीशी हवा कोंडलेली असते. खिळा ठोकला, कड फाटली, आत पाणी शिरलं, की तेवढा भाग आंधळा होतो. वरची धूळसुद्धा उजेड दोनदा खाते, आणि वावरातून निघालेली ट्रॉली चिखलानं माखलेलीच असते.

शेतकरी भावांनो, माल भरल्यावर दोर आवळण्याआधी मागची लाल पट्टी ओल्या फडक्यानं पुसा आणि ताडपत्रीचं टोक तिच्यावर लोंबू देऊ नका.