गाभण डुकरिणीला वनौषधी : फायदा कुठे, फसवणूक कुठे?

राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनासाठी भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान मिळते. १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला त्याची मर्यादा ३० लाख रुपये आहे. कैकाडी, वडार अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जो धंदा केला आणि त्यापायी हिणवून घेतले, तोच धंदा आज शिकलेली मुले बँकेचे कर्ज काढून उभा करत आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण कर्जामागोमाग विक्रेतेही दारात येतात. ‘हर्बल पावडर द्या, दूध दुप्पट होईल, एकही पिल्लू मरणार नाही,’ असे सांगून डबे खपवले जातात. यातले खरे किती, हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण एका वेतातली चार पिल्ले गेली तरी हप्ता चुकतो.

आधी पिल्लाची गरज समजून घेऊ. डुकरीण सरासरी ११४ दिवसांनी विते. गर्भात असताना आईची रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाला मिळत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून, आणि पिल्लाचे आतडे ती साधारण २४ तासच शोषून घेऊ शकते. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लाच्या पोटात किमान २५० ग्रॅम चीक जायला हवा. जन्मतः अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे पिल्लू लवकर गारठते. गारठलेले पिल्लू सडाला लागत नाही, उबेसाठी आईला चिकटते आणि तिच्याच अंगाखाली चिरडते. बहुतेक मर पहिल्या तीन दिवसांतली असते, ती या कारणांनी. त्यावर उपाय म्हणजे कोपऱ्यात दिव्याची ऊब, कोरडे अंथरूण आणि रात्रीची राखण.

मग वनौषधींचे काम कुठे? ते मुख्यतः आईच्या खाद्यात आहे आणि तीन ठिकाणी त्याला अर्थ आहे.

पहिले, भूक आणि पोट. विण्याच्या सुमारास डुकरिणीला बद्धकोष्ठ होतो, तिचे खाणे कमी होते आणि दूध आटते. ओवा, आले, बडीशेप यांनी खाद्याची चव आणि वास सुधारतो. पण सोबत गव्हाचा कोंडा आणि भरपूर पाणी हवेच. दूध पाजणारी डुकरीण दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पिते. निप्पलला पाण्याची धार बारीक असेल तर कोणतीही पावडर दूध वाढवू शकत नाही.

दुसरे, आतड्यातले जंतू. ओव्यात थायमॉल असते, तर परदेशात वापरल्या जाणाऱ्या ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल. दोन्ही द्रव्ये काही जंतूंची वाढ रोखतात. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणे बंद केले, तेव्हापासून अशा वनस्पतिजन्य द्रव्यांना मागणी वाढली. भारतानेही २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध खाद्य-प्राण्यांसाठी बंद केले. खाद्यातल्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू उद्या माणसाच्या औषधालाही दाद देत नाहीत, म्हणून हा बदल आपल्याही हिताचा आहे.

तिसरे, वासाची ओळख. आईच्या खाद्यातला वास गर्भजलातून आणि दुधातून पिल्लापर्यंत पोचतो. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी अॅनिसचा, म्हणजे बडीशेपेसारखा, वास वापरून हे तपासले आहे. दूध तोडल्यावर ओळखीच्या वासाचे खाद्य पिल्ले लवकर स्वीकारतात. दूध तुटल्यानंतरचा आठवडा हगवणीचा असतो. म्हणून आईच्या खाद्यात जे घातले, तेच थोडे पिल्लांच्या खाद्यातही ठेवावे.

शतावरी आणि मेथी दूध वाढवतात असे सर्रास सांगितले जाते. त्यांचा वापर आपल्याकडे मुख्यतः गाई-म्हशींत झाला आहे. गाईवरचा अनुभव डुकरिणीला जसाच्या तसा लावता येत नाही.

आता वनौषधीने जे होत नाही ते. पिल्लाला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते आणि दुधातून जेमतेम १ मिलिग्रॅम मिळते. पहिल्या काही दिवसांतच, साधारण तिसऱ्या दिवशी, लोहाचे इंजेक्शन द्यावेच लागते. स्वाइन फीव्हरला लस हाच उपाय आहे. २०२० मध्ये ईशान्य भारतात आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर औषध नाही. हॉटेलचे उष्टे नीट उकळून देणे आणि बाहेरच्या माणसांना, जनावरांना फार्मपासून दूर ठेवणे हीच त्यावरची राखण. कास कडक, गरम झाली, ताप आला, पिल्ले सडाला लागून ओरडू लागली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. काढा पाजत बसू नका.

गाभण काळात काही वनस्पती घातकही ठरतात. कडुनिंबाचे तेल आणि कोरफडीचा पिवळा चीक टाळावा. बुरशी लागलेली पावडर किंवा पेंड तर कधीच देऊ नये.

डबा विकत घेण्यापूर्वी घटक, प्रमाण, बॅच नंबर आणि मुदत पाहावी. ‘गुप्त फॉर्म्युला’ असेल तर परत करावा. घेतलाच, तर एका वयाच्या, सारख्या वेतांच्या डुकरिणींचे दोन गट करावेत. एकाला पावडर द्यावी, दुसऱ्याला नाही. बाकी खाद्य, पाणी, ऊब सारखीच ठेवावी. जन्माचे वजन, २१ व्या दिवसाचे वजन आणि जगलेली पिल्ले वहीत लिहावीत. एका वेतावर निकाल लावू नये, दोन-तीन वेते पाहावीत. वाढलेल्या वजनाच्या किमतीतून डब्याचा खर्च वजा केल्यावर काही उरत असेल तरच पुढचा डबा आणावा.

विक्रेत्याने कितीही गोड सांगितले तरी हप्ता आपल्यालाच भरायचा आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आधी चीक, ऊब, पाणी, लोह आणि लस. त्यानंतर पैसे उरले तर ओवा आणि बडीशेप.