काजूचा हंगाम आणि कोकणचे आभाळ

मद्याच्या द्राक्षांचा विषय निघाला म्हणजे महाराष्ट्रात नाशिकचे नाव घेतले जाते, आणि तेथील बागाईतदार ऑक्टोबरात वेलींची छाटणी करून जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत घड उतरवतो, हे आता सर्वश्रुत आहे. परंतु वेंगुर्ले-मालवणच्या कातळावर पिकणारा, रसाने तसाच भरलेला आणि ऋतुमानाशी तितकाच जखडलेला काजूचा बोंडू मात्र उपेक्षितच राहिला आहे.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड कोकणात इतके रुजले की आज त्यास कोणी परके म्हणणार नाही. पावसाळा सरून जमीन कोरडी पडू लागली की त्यास नवी पालवी फुटते व त्या पालवीच्या शेंड्यावरच मोहोर येतो. म्हणून परतीचा पाऊस कार्तिकापर्यंत रेंगाळला तर पालवी लांबते, तिच्यामागे मोहोर लांबतो, आणि अखेरीस फळ वळवाच्या तोंडी सापडते. एकाच तुऱ्यात नर आणि द्विलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले असतात, फळ धरते ते द्विलिंगी फुलांनाच, आणि पराग चिकट असल्यामुळे परागीभवनाची भिस्त कीटकांवर असते. अशा नाजूक वेळी आठवडाभर मळभ दाटले तर दुहेरी घात होतो: उपकारक कीटक फिरकत नाहीत, आणि ढेकण्या हा रसशोषक किडा मात्र कोवळे शेंडे व मोहोराचे देठ शोषून ते करपल्यागत वाळवून टाकतो.

मोहोर तगला तरी चिंता सरत नाही. फुलापासून पक्व फळापर्यंत सुमारे दोन महिने लागतात. त्यांत बी आधी वाढते आणि बोंडू शेवटच्या काही दिवसांत फुगतो. उत्तम बी हवी तर फळ पिकून आपोआप गळू द्यावे व रोजच्या रोज वेचावे, हा नियम. पण एप्रिलमध्ये अवकाळी सर आली की भिजलेली बी काळवंडते आणि व्यापारी भाव पाडतो. मे 2021 मधील तौक्ते वादळाने तर किनाऱ्यावरील झाडेच उन्मळून पाडली. वर्षाचे पीक गेले तर पुढल्या वर्षाची आशा असते, परंतु झाड गेले म्हणजे कित्येक वर्षांची मेहनत गेली, आणि पंचनाम्याच्या कागदात ती मावत नाही.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने, 1957 पासून चाललेल्या आपल्या कार्यात, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 यांसारख्या जाती देऊन या मुलखावर मोठे उपकार केले आहेत. बोंडूची तजवीज मात्र अद्याप अपुरी आहे. शेजारच्या गोव्यात त्याच्या रसापासून प्रथम उर्राक व पुढे फेणी काढतात, आणि काजूच्या फेणीस 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्याकडे बी काढून घेतल्यावर संत्र्याहून कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असलेले ते फळ बहुधा झाडाखालीच कुजते. बोंडू एका दिवसात आंबू लागतो, त्यामुळे दूरच्या कारखान्याचा त्यास उपयोग नाही. सरबत, सिरप वा मद्य, कायदा जे करू देईल ते करणारी लहान रसकेंद्रे सहकारी संस्थांनी बागांच्या जवळपास उभारावीत, आणि सरकारने त्यांचे परवाने हंगामापूर्वीच मार्गी लावावेत, ही या मुलखाच्या वतीने कळकळीची विनंती आहे.